शमुवेलचं एकट्याचं चर्च

आमच्या परळच्या चर्चच्या मंडळीत किस्से काय संपत नाहीत. एक सांगून पदर खोचते, तोवर दुसरा दारात उभा! आता हा शेजारचाच.

आमच्या चाळीत राहायचा शमुवेल, आणि राहायची त्याची बायको रूथ. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा नव्हता. रूथला रविवारी चर्चमध्ये चार माणसं भेटली की बरं वाटायचं. शमुवेल म्हणायचा, "मार्थामावशी, देव माझा, मी देवाचा. मध्ये मंडळी कशाला?"

*

एकदा डोकावले, तर हा टीव्हीसमोर ग्लुकोज बिस्किट धरून बसलेला. चर्चमध्ये भाकर मोडून देतात ते प्रभुभोजन, पण ऑनलाइन! पडद्यावर कुठल्याशा चर्चच्या पाळकांचे हात वर, तसेच थांबलेले.

"काय झालं रे?"

"नेट गेलं. आशीर्वाद अडकलाय!"

"मग आमच्याकडे ये. आमचे पाळक एकदा सुरू झाले की थांबतच नाहीत!"

*

शुक्रवारची प्रार्थना दर वेळी एकेकाच्या घरी. याची पाळी आली तर म्हणे, "माझी ऑनलाइन ऑफिस मीटिंग आहे." आम्ही गॅलरीतच चटया टाकल्या नि गायला लागलो.

दार उघडलं. "मावशी, हळू! मीटिंगमध्ये ऐकू जातंय."

थोड्या वेळानं परत दार उघडलं. तोंड पडलेलं.

"आता काय?"

"साहेब म्हणतात, दुसरं कडवं परत घ्या."

*

मग रूथला दिवस गेले! बाळंतपणाला आम्ही सगळ्या डबे घेऊन हजर. वॉर्डाच्या दारात हॉस्पिटलचा शिपाईमामा आडवा. "एका पेशंटमागे एकच माणूस!"

मी म्हटलं, "आम्ही एकच आहोत. मंडळी म्हणजे एक शरीर, बाकी सगळे अवयव!"

"मग अवयवांनी बाहेर बसा!"

बसलो. शमुवेल आत एकटाच. जरा वेळानं तोही आला नि गुपचूप बाकड्यावर सरकून बसला. मुलगी झाल्याचं आम्ही सगळ्यांनी तिथंच ऐकलं.

*

तरी याचं चालूच. "बाप्तिस्मा घरी करू. आपण तिघंच."

रूथ एरवी गरीब, पण त्या दिवशी उसळली. "पाळक सगळ्या मंडळीला विचारतात, हिला वाढवायला हातभार लावाल का? तेव्हा 'हो' कोण म्हणणार? पंखा?"

शमुवेल वरमला. "बरं, चर्चमध्ये. पण बाळ माझ्याच हातात राहील!"

*

रविवारी चर्चच्या दारात कुणीतरी म्हणालं, "बघू दे रे जरा!" झालं! बाळ या मांडीवरून त्या मांडीवर, पार मागच्या बाकावर. इकडे पाळकांनी पुढं बोलावलं. शमुवेल उभा, हातात नुसतं दुपटं!

"या बाळाला बाप्तिस्म्यासाठी कोण आणत आहे?"

शमुवेलनं रिकाम्या दुपट्याकडे बघितलं, मग वळून बाकांकडे.

"आम्ही, पाळकसाहेब!" तो ओरडला. "आम्ही सगळे आणतोय... थांबा जरा, तिसऱ्या बाकापर्यंत आलीय!"