पोळ्याला आलेली पुरी लाईट

हे कोणी वाचलंच, तर आधी माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून उमगत नाही, आणि अक्षर कोंबडीनं माती उकरावी तसं येतं. पण तोंडानं मला हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर अनसिंगजवळ मळ्यातच आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो आणि वाशीमच्या बाजारात नेतो. घराची लाईट आणि आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटरी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. सगळ्यांनी मोटरींना ऑटो लावलेत. थ्री फेज आली की साऱ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि घरातल्या बल्बची नुसती लाल तार दिसते. मोटरी बंद असतात तेव्हा एकच फेज असतो, तोही मरतुकडा.

पुण्यातलं काम सुटल्यावर माझा धाकटा भाऊ आमच्याकडे आला. आई-वडील गेल्यापासून माहेर म्हणून आम्ही दोघंच एकमेकांना. त्याला दोन जुनी यंत्रं घ्यायची होती, बिटकॉइन काढायची. ती रात्रंदिवस गणितं करतात आणि त्याचे पैसे मोबाइलवर जमा होतात, असं त्यानं सांगितलं. मला त्यातलं एवढंच कळलं की यंत्रं चालली तर तो इथेच राहील. म्हणून बचत गटातून माझ्या नावावर कर्ज काढून दिलं.

यंत्रं कांद्याच्या खोलीत मांडली. मळणीयंत्रासारखा आवाज. पण मोटरी सुरू झाल्या की दोन्ही बंद पडायची, पुन्हा चालू व्हायची, पुन्हा बंद. शेजारच्या मळ्यातले म्हातारे आबा बांधावरून विचारायचे, "काय रे बापू, तुयी कोंबडी अंडे देऊन राह्यली का नाई?"

"आबा, तुमी सारे एकाच टायमाले मोटरी काहून लावता? व्होल्टेज पार खाली जाते."

"मंग काय सांबार तुया मोबाइलवर भिजवू?"

माझे मालकही त्याची थट्टा करायचे. "साळेबुवा, आमच्या डीपीवर गोरा नवरदेवही काळा दिसते."

शेवटी भाऊ वाशीमहून एक जुना बूस्टर घेऊन आला. त्याचा खटका फिरवला की व्होल्टेज वाढायचं. भावानं तो शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला आणि वरून चिकटपट्टी लावली. मला म्हणाला, "बाई, याले आता कोनी हात लावू नोका."

यंत्रं चालू लागली. जवळजवळ सारा श्रावण चालली. भाऊ दोन भाकरी जास्त खायला लागला. विहिरीपलीकडची जागा दाखवून म्हणाला, "इथं दोन खोल्या काढतो बाई." मी मनातल्या मनात त्या खोल्यांपुढे तुळससुद्धा लावली.

मग पोळा आला. आबांच्या दावणीला बैल राहिले नाहीत, त्याला बरीच वर्षं झाली. पोळ्याला ते मोटरीच्या स्टार्टरला कुंकू लावतात आणि ऑटो बंद करतात. "आता हेच आमचे बैल. आज यायले आराम." त्यांचं पाहून आमच्या सगळ्या शिवारानं ही रीत धरली. आमच्या स्टार्टरला मीच हळदकुंकू वाहिलं. भावानंही हात जोडले. दिवसभर एकही मोटर चालणार नव्हती, आणि आमच्यापैकी कोणालाच बूस्टर आठवला नाही.

माणसं गावात पोळा पाहायला गेली. मी पुरण वाटत होते. थ्री फेज आली. एरवी रडत फिरणारा मिक्सर झरझर फिरला. बल्ब पांढराशुभ्र. मला वाटलं, सण आहे म्हणून लाईटही नटून आली. मला आनंद झाला होता, हे मला अजून विसरता येत नाही.

कांद्याच्या खोलीत फटाका फुटावा तसा आवाज झाला. मग दुसरा. आणि सगळं शांत. त्या घरघरीची इतकी सवय झाली होती की ती थांबताच मी तिकडे धावले. दार उघडलं तर जळका वास. यंत्रांना लाईट पुरवणारे डबे धुमसत होते. मी मेन स्विच खाली ओढला.

भाऊ आला. बूस्टरवरची चिकटपट्टी बघत उभा राहिला. "बाई, लाईट कमीच येते, हे धरून चाललो. पुरी आली तं हा बूस्टर तिले अजून वर चढवीन, याचा इचारच नाई केला."

आबाही आले. "आज तं तुयासाठी पुरी डीपी मोकळी होती रे बापू. मले वाटलं, तू खुश होशीन." कोणी हसलं नाही. मी केली होती म्हणून भावानं एक पोळी खाल्ली.

वाशीमच्या कारागिरानं सांगितलं, डबे गेले आणि यंत्रांच्या आतल्या पट्ट्याही गेल्या. भाऊ पुन्हा पुण्याला निघाला, एका गोदामात कामाला. एसटीजवळ मला म्हणायचं होतं, राहा रे, एवढ्या भाजीवर तिघांचं पोट भरतं. पण शेजारी माणसं उभी होती. मी नुसती मेथीची पिशवी त्याच्या हातात दिली.

दर महिन्याला तो हप्ता पाठवायचा आणि फोन करायचा. "बाई, पैसे टाकले, पाह्य." मग सांबाराचा भाव विचारायचा, आबांचं विचारायचा. आबा आता ऑटो न ठेवता मोटर हातानं लावतात, सगळ्यांच्या मागून, डीपीवर एकदम ओढ नको म्हणून. "सांगजो तुया भावाले," म्हणतात. ते मी त्याला फोनवर सांगितलं.

परवा शेवटचा हप्ता आला. गटाच्या बायांनी खातं बंद केलं. त्याचा फोन आला, "बाई, फिटलं सारं. आता तुले कायचा घोर नाई."

आता पुढच्या महिन्यात तो कशासाठी फोन करील, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "हो रे बापू. पुरे फिटले पैसे."