धवलारणीसाठी घेतलेला माइक

माझी बायको सुमन मेथी निवडत होती आणि एका कानाला हेडफोन लावून बसली होती. हेडफोनचा दुसरा कान मी माझ्या कानाला धरलेला. राई गावातल्या एका साखरपुड्याचं शूटिंग बघत होतो. सुमन म्हणाली, "पंख्याचा आवाज झकास आलाय. नवरीचा बाप काय बोलला ते तेवढं विचारून घ्या त्याला." मग म्हणाली, आता एक चांगला माइक घ्या, डोळ्यांवर किती दिवस धंदा करणार? चार दिवसांनी ती गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. मेथी आणि पंखा.

मी लग्नाचे व्हिडिओ काढतो. शाळा सातवीपर्यंत. कॅमेरा माझा, आवाज सुमनचा. हेडफोन लावून ती कोपऱ्यात बसायची आणि आवाज बिघडला की एक बोट वर करायची. गावातल्या बाया तिला कानवालीच म्हणायच्या.

तिच्यानंतर पहिलं काम आलं मुर्धा गावचं. मोरेश्वर म्हणून ओळखीचे आहेत, त्यांच्या मुलीची हळद. म्हणाले, "काका, नाच-बीच नाय आला तरी चालेल. आमच्या आईचे धवले नीट आले पायजेत." धवले म्हणजे आगरी लग्नात विधीच्या वेळी म्हणायची गाणी, आणि ती म्हणणारी बाई ती धवलारीण. त्यांची आई हिराबाई गावातली शेवटची. तिच्यानंतर ती गाणी कुणालाच पाठ नाहीत. मी हो म्हटलं आणि घरी येऊन घाबरलो. कॅमेऱ्यातला माइक सगळं सारखंच ऐकतो. हिराबाई तेवढीच, दारातला डीजे तेवढाच.

भाईंदरला जिग्नेशभाईच्या दुकानात गेलो. त्याने तीन शॉटगन माइक दाखवले. नाव बंदुकीचं, दिसतो बॅटरीच्या नळीसारखा. समोरचा आवाज घेतो, बाजूचा कमी करतो. एसी दुकानात तिन्ही छान वाजले. मी म्हटलं, रस्त्यावर चला. तो फुटपाथवर उभा राहून बोलला, मी हेडफोन लावून ऐकलं. एकात नुसती वाऱ्याची सूं-सूं. लांब नळीच्या माइकमध्ये रिक्षा मागे गेल्या, जिग्नेशभाई पुढे आला.

"चाचा, ये सबसे लंबा है," तो म्हणाला.

"लंबा तो मेरा हाथ भी है," मी म्हटलं. पण घेतला लांबच.

इथे चुकलो. घरी स्वयंपाकघरात रेडिओ लावून बघितलं तर आवाज हंड्यातून आल्यासारखा. लहान खोलीत भिंती आवाज परत फेकतात आणि लांब नळी तोही गोळा करते. धवले म्हणायचे माजघरात, आणि मी निवड केली रस्त्यावर. सुमन असती तर दुकानातच बोट वर झालं असतं. दुसऱ्या दिवशी बदलून आखूड आणला. जिग्नेशभाई हसून म्हणाला, चाची को साथ में लाया करो. त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग त्याने वाऱ्यासाठीचं केसाळ टोपडं पैसे न घेता पिशवीत टाकलं आणि बराच वेळ काउंटर पुसत बसला.

आणखी एक. हा माइक म्हणजे झूम नव्हे, लांबचं जवळ आणत नाही. जवळ जावंच लागतं. हळदीला कॅमेरा स्टँडवर ठेवला, माइक काढून वायरीला जोडला आणि हिराबाईच्या हातभर अंतरावर जमिनीवर बसलो. बसलो असा, की डीजेचं दार माइकच्या समोर न येता बाजूला पडेल. ती मान खाली घालून नवरीच्या कानाशी गाते, म्हणून माइकही खालून धरला. मग पंखा बंद करायला सांगितला. बाया कुरकुरल्या. मोरेश्वर म्हणाले, पाहुणे उकडून मरतील. मी म्हटलं, "मग पंख्याचं लग्न शूट करतो." पंखा बंद झाला.

हेडफोन सुमनचाच होता. पट्टा तिच्या डोक्याच्या मापाला. माझं डोकं मोठं, कान दुखून आले. पण सैल केला नाही. हिराबाई गायली. सगळ्यांना घाम फुटला होता, पण शब्दन् शब्द येत होता. मी सवयीने कोपऱ्यात बघितलं. तिथं पाटावर हळदीची परात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन परत मुर्ध्याला गेलो. हिराबाई ओट्यावर सुकट निवडत होती. तिच्या डोक्यावर हेडफोन घातला. पट्टा हलवावा लागला नाही, बरोबर बसला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. म्हणाली, "मना वाटला, आवाज गेला माजा. गेला न्हाय." मग एकदम बोट वर केलं.

"मधी कोन खोकला?"

मीच होतो. रडू दाबलं की मला खोकला येतो. ते तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. माइक घ्या, पंखा बंद करा, जवळ बसा. माइक धरणाऱ्याचा आवाज मात्र सगळ्यात आधी येतो.