यंदा उसवायची गोधडी

माहेरी मला आरंभशूर म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. मनवेलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमधल्या पलंगाचा बॉक्स उघडला की त्याची साक्ष मिळायची. त्यात पाच अर्धवट गोधड्या होत्या. प्रत्येक गोधडी मी मोठ्या हौसेनं शिवायला घेतली होती आणि कुठल्या ना कुठल्या कारणानं गुंडाळून ठेवली होती. शाळेत मुलांना मात्र तीस वर्षं बजावत आले की हाती घेतलेलं काम पुरं करावं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच पाडव्याला मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पाचही गोधड्यांची यादी केली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. वर्षाला एक, जास्त हाव नाही. आमच्या ह्यांनी यादी वाचली आणि झेरॉक्स काढून ठेव म्हणाले, दरवर्षी लिहायचा त्रास नको.

त्यांचे दात त्यांच्याच घशात गेले. पहिल्या वर्षी मी भाचीच्या बाळासाठी घातलेलं दुपटं संपवलं. तोवर बाळ चौथीत गेलं होतं. भाचीनं ते कौतुकानं घेतलं आणि मांजरीच्या पिल्लांखाली घातलं. दुसऱ्या वर्षी ह्यांच्या जुन्या शर्टांची झाली. ती इतकी जड झाली की पांघरून कूस बदलता येत नाही, पण पुरी झाली. मग आणखी दोन झाल्या. शेवटचा टाका घालून दोरा तोडताना जे समाधान वाटतं ते मला या वयात नव्यानं कळलं, आणि मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत सुटले.

फक्त यादीत सगळ्यात वर लिहिलेली ‘हिरवी’ दरवर्षी तशीच राहायची. न शिकवताच हिला वरच्या वर्गात घालतेस, असं हे म्हणायचे. या पाडव्याला यादीत तेवढं एकच नाव उरलं. मी ती बाल्कनीत पसरली, सुई ओवली, आणि माझ्याच्यानं एक टाका घालवेना.

ती गोधडी माझी एकटीची नव्हती. अकरा वर्षांपूर्वी आम्ही इथल्याच एका चाळीत राहत होतो. शेजारीण माझ्याच वयाची, वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातली. मी देशावरची. तिची भाषा मला सुरुवातीला निम्मी कळायची नाही, पण गोधडीला भाषा लागत नाही. दोन्ही घरच्या साड्यांची एक मोठी गोधडी करायची असं आम्ही ठरवलं. खालचे थर लावून दोन बाजूंनी दोघी शिवत आलो. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, माझा घाईचा, लांबडा.

त्यातच तिची आई वारली. दोनेक महिन्यांनी ती काही दिवसांसाठी माहेरी गेली, आणि जाताना चादरीत बांधलेलं जुन्या कपड्यांचं गाठोडं माझ्याकडे ठेवून गेली. आल्यावर बघू, एवढंच म्हणाली. मला कुठला दम. वरचे तुकडे लावून तिला चकित करायचं माझ्या मनात आलं. गाठोड्यात एक हिरवं सुती लुगडं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. ते मी टराटरा फाडलं आणि नऊ चौकोन लावले. काठ सुरेख होता, तो कडेनं फिरवला.

आता गोधडीला साडी देताना कुणीही काठ आधी काढून घेतं, त्यातून सुई जात नाही म्हणून. काठासकट लुगडं गोधडीसाठी नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक. मला वाटलं, वा, काठही मिळाला.

ती परत आल्यावर मी गोधडी तिच्यापुढे पसरली. तिनं चौकोनांवरून हात फिरवला, छान दिसतंय म्हणाली आणि घरी गेली. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं ह्यांना सांगितलं की ते तिच्या आईचं लुगडं होतं. तेवढं एकच तिनं माहेराहून मागून आणलं होतं. गाठोड्यात चुकून गेलं होतं.

मला भयंकर लाज वाटली. राग निवला की बोलू, असं ठरवून मी गप्प बसले. ती सुई घेऊन यायची थांबली. नळावर भेटलो की दोघी पाण्याबद्दल बोलायचो. पुढे चाळ पाडायची ठरली, सगळे पांगले, ती सासरच्या वाडीत आगाशीला गेली. इथून स्टेशन ओलांडून पलीकडे गेलं की एका बसचं अंतर, पण मी कधी गेले नाही.

तर या चैत्रात सुई हातात धरून बसले असताना मला कळलं की ही गोधडी पुरी करायचीच नाहीये. मी उठून यादीवरचं ‘हिरवी पुरी करणे’ खोडलं आणि ‘हिरवी उसवणे’ असं लिहिलं. शिवणाऱ्या बाईला उसवणं म्हणजे शिक्षाच. त्यात कापड जुनं, ओढलं की फाटणार. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा, कापायचा, दोरा काढायचा. माझे टाके तेवढे काढले, तिच्या टाक्यांना हात लावला नाही. दिवसाला वीतभर शिवण सुटली तरी पुष्कळ. पण एक खरं सांगते, त्या महिन्यांत मी सुखात होते. काम पुढे सरकत होतं आणि बरोबर दिशेनं सरकत होतं.

श्रावण सरत आला तेव्हा नऊही चौकोन आणि सगळा काठ सुटा झाला. सगळं धुतलं, सावलीत वाळवलं, हलक्या हातानं इस्त्री केली. आधी फोन कर, हे म्हणाले. मी केला नाही. नको येऊ म्हणाली असती तर मी गेलेच नसते.

आगाशीच्या बाजारात विचारल्यावर घर लगेच सापडलं. ती ओट्यावर केळफूल सोलत बसली होती. केस पार पांढरे झालेले. माझ्याकडे बघून म्हणाली, “ये. पानी आनते.”

पाणी पिऊन झाल्यावर मी पिशवी उघडून सगळं तिच्यापुढे ठेवलं. माफी मागितली. मी तुला न विचारता ते फाडायला नको होतं, असं सरळ म्हटलं. तिनं हात पुसले आणि एकेक चौकोन उलगडून बघितला. काठ बोटांमधून सरकवत शेवटपर्यंत नेला. एवढं न फाटता कसं काढलंस, असं तिनं विचारलं. सुईच्या टोकानं, चैत्रापासून बसले होते, मी सांगितलं.

“लुगड्याचा राग दोन दिस होता,” ती म्हणाली. “आय गेली, मग लुगड्याचं काय. पन तू आली नाय. मी वाट बघत होते, ही येईल, विचारील. टाके उसवायला पाच महिने लागले तुला. तुझ्या दारापासून माझं दार पाच पावलांवर होतं.”

ती हे चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. मी ओट्यावर बसून रडले, आणि ती केळफूल सोलत राहिली. माझं रडणं आटोपल्यावर तिनं सुकेळ्यांची, म्हणजे घरच्या सुकवलेल्या केळ्यांची, पुडी पुढे केली आणि बाकीची गोधडी कुठं आहे म्हणून विचारलं. घरी आहे म्हटल्यावर ती का नाही आणलीस, म्हणाली. चौकोन परत त्या गोधडीतच घालायचे, पण कुठला कुठं ते ती सांगणार.

संध्याकाळची बस होती. मी चपला घातल्या आणि विचारलं, “बुधवारी गोधडी घेऊन येऊ?”

आपल्याकडे असं विचारलं की समोरचं माणूस म्हणतं, त्यात विचारायचं काय. ती तसं म्हणाली नाही.

“ये,” ती म्हणाली. “विचारलंस ते बरं केलंस.”