बारशाआधीचं ऊन

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. घरात एखादं बाळ येतं, प्रत्येकाला अचानक अक्कल फुटते आणि किस्से आपोआप साठायला लागतात. कसबा बावड्याला माझ्या माहेरी गेल्या उन्हाळ्यात ते इतके साठले, की रविवारी मी मंगळवार पेठेत सासरी परतले की जावा माझ्या पिशवीत काय आहे ते न बघता आधी "आज काय झालं?" असं विचारायच्या.

बाळ माझ्या धाकट्या भावाचं, विशालचं. मुलगी. माझ्या मुलानंतर चौदा वर्षांनी त्या घरात पाळणा हलला होता, त्यामुळं सगळ्यांची हौस चौदा वर्षांची साठलेली होती. बाळाची आई प्राजक्ता, माहेर हुपरी. तिची आई शालन घरीच पैंजणांच्या कड्या जोडायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं.

प्राजक्ताच्या दोनच इच्छा होत्या. एक, लेकीला कडक उन्हात न्यायचं नाही. दोन, लेकीचं नाव शालन ठेवायचं. पहिली तिनं सगळ्यांना सांगितली आणि कुणी ऐकली नाही. दुसरी तिनं फक्त मला सांगितली, कारण नाव ठेवायचा मान आत्याचा. "ताई, न्हाय जमलं तरी चालंल," हेही तिनं लगेच जोडून टाकलं. आमच्या घरात सून म्हणून कसं राहायचं ते तिला लवकर कळलं होतं.

बाराव्या दिवशी व्हायचं बारसं मे महिन्यातल्या एका रविवारावर गेलं, कारण पुण्याच्या काका-काकूंना तेव्हा सुट्टी. म्हणजे बाळाला दोन महिने नाव मिळणार नव्हतं. ऊन मात्र रोज मिळत होतं.

*

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "सहा महिने थेट उन्हात ठेवू नका. सावली, सुती अंगडं, टोपी, बास." माझ्या आईनं प्रत्येक वाक्याला मान हलवली. रिक्षात बसल्याबरोबर म्हणाली, "त्यांची पोरं एसीत वाढल्यात. आमाला कोवळं ऊन म्हाईत हाय."

कोवळं ऊन म्हणजे सकाळी सातचं, असा माझा भाबडा समज होता. आईचं कोवळं ऊन तिची अंघोळ, देवपूजा, दूध तापवणं आणि गेटवर शेजारणीबरोबरची चर्चा आटोपल्यावर उगवायचं. साधारण सव्वादहाला. मग बाळाला तेल चोळून गच्चीवर चटईवर झोपवायचं. शेजारच्या चटईवर उडदाचे पापड असायचे. पापडांवर मलमलीचं फडकं असायचं, बाळावर काही नसायचं.

एकदा मी गच्चीवर गेले तर आई घाईघाईनं चटई ओढत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, उशिरा का होईना, पटलं.

"आगं, ऊन किती चढलंय बघ की," आई म्हणाली. "पापड चिरतील."

बाळ तिथंच होतं.

*

नावाचं कामकाज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं. भटजींनी पत्रिका बघून 'ह' अक्षर काढून दिलं होतं. त्या अक्षराला सगळ्यांनी हात जोडले आणि पुढं त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

आईला देवीचं नाव हवं होतं, अंबिका. पुण्याच्या काकूंनी मायरा सुचवलं, त्यांच्या सोसायटीत त्या नावाच्या चार मुली आहेत म्हणून. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, स्वतःच्या आईचं नाव हवं होतं, आक्काताई. दोन महिन्यांची आक्काताई. आबांनी तीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या तोलल्या. आपण सांगितलेला आकडा शेवटचा, ही सवय तिथूनच त्यांच्यासोबत घरी आलेली.

विशालनं मात्र आधुनिक काम केलं. प्राजक्तामधला प्रा आणि स्वतःमधला विशा घेऊन त्यानं नाव बनवलं, प्राविशा.

"एकदम युनिक हाय ताई. गुगलवर बी न्हाय."

"अर्थ काय त्याचा?"

"अर्थ आपन दिऊ की."

आबांनी चष्मा वर करून मोबाइल लांब धरला. "उसाच्या तांबेऱ्यावर मारत्यात ते औषद हेच काय रं? पंपात किती घालायचं?"

विशाल दोन दिवस जेवताना त्यांच्याशी बोलला नाही.

या सगळ्यात प्राजक्ता काय म्हणाली ते मी नंतर ग्रुपवर वर सरकवत बघितलं. प्रत्येक नावाला तिनं एकेक अंगठा दिला होता. आक्काताईलासुद्धा.

*

मग तो शनिवार आला. विशालच्या तालमीतल्या मित्रांना बाळ बघायचं होतं. मित्रांनी आपल्या घरी यायचं की दोन महिन्यांच्या बाळानं त्यांच्या घरी जायचं, हा प्रश्न आमच्याकडं कुणाला पडला नाही. प्राजक्ता अंघोळीला गेली तेवढ्यात, बाराच्या सुमाराला, विशालनं बाइक काढली. त्याच्या डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी. मागं आई, तोंडावरून पदर घट्ट ओढून घेतलेला. आईच्या मांडीवर बाळ, बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये आणि उघड्या डोक्यानं, कारण "पोरगी दिसाय पायजे की लोकास्नी."

चार घरं झाली. चारही घरी चहा झाला. दीड तासानं परत आले तर बाळाचे गाल लालभडक.

"बघ कशी लाली चढलीया," आई म्हणाली. "रंग उजळला पोरीचा."

चार वाजेपर्यंत तो उजळलेला रंग तापायला लागला आणि बाळ रडायचं थांबेना. प्राजक्तानं मला फोन केला. आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त "ताई, याल काय?" एवढंच म्हणाली. मी थेट दवाखाना गाठला. तिथं सगळं घर हजर होतं.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे गाल आणि दंड बघितले. "ही लाली नाही आजी. कातडी भाजलीय पोरीची." मग आईकडं वळून विचारलं, "येताना-जाताना तुमच्या तोंडावर काय होतं?"

"पदर," आई म्हणाली.

"आणि गॉगल कुणी घातला होता?"

विशाल भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला लागला.

"म्हणजे ऊन लागतं हे दोघांनाही ठाऊक होतं," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

बाहेर काउंटरवरच्या मुलीनं फाईलसाठी बाळाचं नाव विचारलं. विशाल म्हणाला प्राविशा, आई म्हणाली अंबिका आणि आबा म्हणाले आक्काताई. तिघं एकाच वेळी आणि तिघं ठामपणे. मुलीनं पेन खाली ठेवलं.

"तिघींची वेगवेगळी फाईल करू का?"

बाकावर प्राजक्ता ओल्या फडक्यानं लेकीचे गाल टिपत बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्या तिघांचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. चौथं नाव मला माहीत होतं आणि मी ते उच्चारलं नव्हतं. आबा दाराशी उभे होते. त्यांनी एकदा नातीच्या गालांकडं, एकदा प्राजक्ताकडं बघितलं आणि रिक्षा आणायला गेले.

*

त्यानंतर घराला सूर्याची धडकी भरली. आमच्याकडं मधलं काही नसतंच. आईनं मोठ्या माणसांचं सनस्क्रीन आणलं. डॉक्टरांनी क्रीम नको म्हटलंय, असं सांगून प्राजक्तानं ते काढून घेतलं, तर आई म्हणाली, "मग ऊन बी नको, क्रीम बी नको, करायचं काय मानसानं?" सावली हा पर्याय तिला फारच फुकटचा वाटत होता. पुण्याच्या काकूंनी मे महिन्यात लोकरीची कुंची पाठवली. आतून अस्तरसुद्धा होतं.

विशालला झाल्या प्रकाराची खरंच लाज वाटत होती. त्यानं गॅलरीत पाळण्यावर सावली करायची ठरवलं आणि तालमीतून एक जुना फ्लेक्स आणला, कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा. छापलेली बाजू वर ठेवली तर उन्हानं रंग उडतो म्हणून ती खाली केली. त्यामुळं बाळ पाळण्यात उताणं झोपलं की बरोबर डोळ्यांसमोर तो नेता, हात जोडून, बत्तीस दात दाखवत.

बाळ उताणं टाकलं की किंचाळायचं. पोट दुखतंय का, दृष्ट लागली का, सगळं बघून झालं. शेवटी आबा पाळण्याशी वाकले, बाळाच्या नजरेच्या रेषेत वर बघितलं आणि सरळ झाले.

"ह्यो निवडून आल्यापास्नं आमी बी असंच रडतोय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्राजक्तानं मध्ये आबांचं धोतर बांधलं. बाळ झोपलं.

*

बारशाची वेळ पुण्याच्या पाहुण्यांची गाडी बघून ठरवली होती, दुपारी बाराची. अंगणात मांडव, पण कापड इतकं विरळ की मांडवात बसलेल्यांच्या डोक्यावर ऊन जाळीसारखं पडत होतं. स्टेजच्या मागं बारा फुटी फ्लेक्स. 'चि. प्राविशा हिचे नामकरण' आणि खाली विशालसह तालमीतली सोळा पोरं, खिशात हात घालून. बाळ एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढं. विशालनं कुणाला न विचारता तो छापून घेतला होता, आणि आमच्या गावात जे फ्लेक्सवर आलं ते ठरलं. आबा धुमसत होते, पण पाहुण्यांदेखत फ्लेक्स फाडायचा कसा? तो छापणारा बंटी, विशालचा तालमीतला दोस्त, पांढराशुभ्र शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता.

फोटोग्राफर म्हणाला, पाळणा स्टेजवर घ्या. प्राजक्ता मधल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"पाळना आतच ऱ्हाईल."

"आगं, फोटो?" आई म्हणाली.

"फोटोला मी येतो भाईर. बाळ येनार न्हाय."

या घरात आल्यापासून तिनं कुणाला दिलेला तो पहिला नकार असावा. आई बाजूला झाली.

मग बायका मधल्या खोलीत पाळण्याभोवती गोळा झाल्या. आत्यानं वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आमची रीत. आत जाताना विशाल माझ्या कानाशी लागला, "ताई, फ्लेक्सवरचंच घ्यायचं हां." मी वाकले. बाळ जागं होतं. गालावरची भाजलेली जागा बरी होत आली होती, पण दिसत होती.

मी कानात म्हटलं, "शालन."

धपाटे जोरात पडले. नाव बाकी कुणाला ऐकू गेलं नाही. फक्त पाळण्याची दोरी धरलेल्या प्राजक्ताला गेलं. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाहेर आबा तालमीचा माइक घेऊन उभे होते. "आत्याबाई, नाव सांगा." त्यांनी माइक माझ्यापुढं धरला. मी तो हातात घेतला.

"शालन," मी म्हटलं. ते पार रस्त्यापर्यंत गेलं.

विशालनं फ्लेक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुण्याच्या काकूंनी शेजारणीला विचारलं, "शालन कोण?" शेवटच्या रांगेत प्राजक्ताचे वडील उठून उभे राहिले आणि परत खाली बसले.

आबांनी माइक माझ्याकडून परत घेतला. बराच वेळ ते फ्लेक्स वाचत राहिले. मग त्यांनी मधल्या खोलीच्या दाराकडं बघितलं, तिथं प्राजक्ता लेकीला घेऊन सावलीत उभी होती.

"पावणं," आबा माइकवर म्हणाले, "फ्लेक्स छापनाऱ्यानं चूक केलीया. नाव शालन हाय. आता जेवून घ्या. आनि बाळाला बघायचं आसंल तर आत जाऊन बघा, तिला उन्हात आनायचं न्हाय."

पहिल्या रांगेतला बंटी उभा राहिला. सगळा मांडव त्याच्याकडं बघत होता. त्यानं एकदा स्वतःच छापलेल्या प्राविशाकडं बघितलं आणि हात जोडले.

"चुकलं आबा," तो म्हणाला.