रफीकभाईंची सम

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

आज ओतूरहून जुन्नरला रफीकभाईंना भेटायला गेले. कितीतरी वर्षं माझ्या गाण्याला तबल्यावर तेच असत. अर्धांगवायूनं त्यांचं बोलणं गेलंय. भाभी म्हणाल्या, "ताई, लई आशा धरू नका. आता आमाला पन वळखत न्हाईत."

मी उशाशी बसून हळूच विलंबित एकतालातला ख्याल सुरू केला. चादरीवर त्यांची बोटं हलू लागली. ठेका अगदी बरोबर! भाभींनी तोंडाला पदर लावला.

मग लय उतरत गेली. दोन मात्रांमधलं अंतर वाढत चाललं. मीही सूर लांबवत त्यांच्यामागे गेले. सम जवळ आली, जिथे आम्ही दोघं नेहमी एकत्र यायचो, आणि त्यांचं बोट वर उचललेलंच राहिलं. नजर माझ्यावर. माझा श्वास संपला, पण बोट खाली आलं नाही. शेवटी भाभींनीच तो हात हलकेच चादरीवर ठेवला.

आता भाकरी थापतानाही माझा हात मध्येच थांबतोय.

ते पुढची मात्रा विसरले होते, की मी समेवर यायची वाट बघत होते? माझ्या जागी तुम्ही असता तर उद्या पुन्हा जाऊन गायला असता का?