सासऱ्यांच्या कोपराने लावलेला शोध

आमच्या गल्लीत गाड्यांची वायरिंग बघणाऱ्या इलेक्ट्रिशियनला सगळे सावकाशराव म्हणतात. बंद गाडी पुढ्यात आली की ते आधी घड्याळ काढतात, मग अंगठी, मग डावा हात पाठीमागे घेतात. एकाच हाताने काम केलं की झटका छातीतून जात नाही, असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या फोटोतही त्यांचा डावा हात पाठीमागेच आहे.

त्यांचे सासरे निवृत्त मेकॅनिक. त्यांची पद्धत वेगळी. प्लगची वायर बोटांत धरायची. झटका बसला तर करंट आहे, नाही बसला तर नाही.

परवा सासऱ्यांचीच जुनी मोटार रुसली. स्टार्टर फिरे, पण इंजिन काही पेटेना. सासूबाईंनी थेट भंगारवाल्याला बोलावलं. "बारापर्यंत सुरू झाली तर राहील, नाही तर जाईल." सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. सासूबाईंना पहिल्यांदा फिरायला नेलं होतं ते याच मोटारीतून. भंगारवाला तर अकरालाच येऊन पायरीवर बसला.

सावकाशरावांनी घड्याळ काढलं, अंगठी काढली.

"जावईबापू, आंघोळही उरकून घ्या," सासरे म्हणाले.

"बाबा, तुम्ही फक्त चावी फिरवा. बॉनेटखाली हात नको."

त्यांनी प्लगच्या वायरीला टेस्टर जोडला, त्याचा चिमटा इंजिनाच्या लोखंडाला लावला. ठिणगी नाही. ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलपाशी तपासणीचा दिवा जोडून पाहिला, तो पेटला.

"कॉइलपर्यंत करंट येतोय, पुढे कुठेतरी गळतोय. शोधतो सावकाश."

बाराला दहा कमी होते. ते टॉर्च घ्यायला वळले तेवढ्यात सासऱ्यांनी चावी बायकोच्या हातात दिली आणि ते बॉनेटखाली वाकले. कोपर कॉइलच्या जाड वायरीवर टेकलं. सासूबाईंनी चावी फिरवली. सासरे जागच्या जागी उडाले आणि थेट भंगारवाल्याशेजारी जाऊन बसले.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. करंट आहे."

सावकाशरावांनी आधी चावी बंद केली, मग सासऱ्यांची नाडी पाहिली, मग बॅटरीची वायर सोडवली.

"बाबा, कोपर नक्की कुठे होतं?"

सासऱ्यांनी बोटाने जागा दाखवली. तिथे वायरीच्या रबराला केसाएवढी भेग होती. नवी वायर लागली, आणि बाराला दोन मिनिटं असताना मोटार सुरू झाली.

"दोष मी शोधला," सासरे सगळ्यांना सांगत होते.

भंगारवाला कपडे झटकत उठला. "बाई, मग मी काय नेऊ?"

सासूबाईंनी मोटारीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "सध्या दोन्ही चालू आहेत. पुढच्या वर्षी येऊन बघा."