शालिनीताई साळवे आणि डोंगरी टोळ्यांचे बळ

शालिनीताई साळवे यांची आणि माझी पहिली भेट गारखेड्यातल्या त्यांच्या संगणक वर्गात झाली. मी तेव्हा वाळूजला एका कारखान्यात लेथवर काम करत होतो. दुसरी पाळी असली की सकाळ मोकळी मिळे. ‘संगणक शिका’ ही पाटी पाहून एक दिवस अंगावर कंपनीचा गणवेश आणि हातात डबा अशा अवतारातच मी आत गेलो. सुती साडी नेसलेल्या एक बाई पडद्यासमोर बसून घोडदळ हलवत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

“या, बसा. या मशीनची फौज आपल्यापेक्षा दुप्पट कशी झाली, सांगा बरं.”

“मशीन हुशार असंल, मॅडम.”

“हुशार नाही. त्याला धान्य जास्त मिळतंय. आपण अवघड पातळी निवडली की मशीनची अक्कल वाढत नाही, कोठार वाढतं.”

फी विचारायचे राहूनच गेले. त्या दिवशी वाळूजची बस जेमतेम मिळाली.

ताई महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असत. उरलेल्या वेळात भाड्याच्या खोलीत हा वर्ग चाले. औरंगाबादच्या बाहेर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहत होत्या आणि संगणक येणाऱ्याला नोकरी मिळते ही बातमी आमच्या दौलताबादेपर्यंत पोचली होती. माझे घराणे मेंढ्या राखणारे. आमच्यासारखी गावाकडची मुले, कॉलेजची मुले, पाळीवरचे कामगार असे सगळे तिथे एकाच बाकावर बसत. फ्लॉपीवर कुणीतरी आणलेला डावपेचांचा एक खेळ त्या वर्गात होता. त्यात चार बाजू होत्या: घोडदळवाले, किल्लेवाले, व्यापारी आणि डोंगरी टोळ्या. अभ्यास संपला की तो खेळायची परवानगी असे आणि मग ‘कुणाची बाजू भारी’ यावर रोज वाद होई.

बहुतेकांचे म्हणणे एकच होते: घोडदळ सगळ्यांत जोरदार, डोंगरी टोळ्या सगळ्यांत दुबळ्या. ताईंनी हा वाद कधी थट्टेवारी नेला नाही. त्या विचारत, “कुठल्या पातळीवर? समोर कोण?” आम्हांला आधी हा प्रश्न फाटे फोडण्यासारखा वाटे. मग त्यांनी तोच डाव सोप्या, मध्यम आणि अवघड पातळीवर लावून दाखवला. सोप्या पातळीवर घोडदळ खरोखरच सहज जिंकत होते, कारण समोरची फौज उभी राहायच्या आत ते राजधानीवर पोचत असे. अवघड पातळीवर मशीनकडे धान्य भरपूर, फौज लवकर तयार, आणि घोडदळाची पहिली धडक तिथेच मोडे. टोळ्यांचे मात्र उलटे. त्या लुटीवर जगत. शत्रू जितका गब्बर, तितकी लूट मोठी. म्हणजे पातळी अवघड केली की आमची ही ‘दुबळी’ बाजू बलदंड होई.

“बळ त्या बाजूच्या अंगात नसतं,” ताई म्हणाल्या. “ते दोघांच्या मधे असतं. एकटं मोजाल तर चुकाल.”

एक प्रश्न उरला. समोर मशीनऐवजी माणूस असला तर? ते पाहायला सारख्या तयारीचे दोन खेळाडू हवे होते आणि असे वर्गात दोघेच होते, मिलिंद आणि राजाभाऊ. नेमके तेच एकमेकांशी बोलत नव्हते.

हे सांगताना त्या दिवसांविषयी थोडे लिहिले पाहिजे. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला होता. मिलिंद नामांतराच्या मोर्च्यांत पुढे असे. राजाभाऊचे वडील गावातले वजनदार शेतकरी, उघडपणे विरोधात. ताईंना या प्रश्नाची झळ फार आधीच लागली होती. पहिला ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, तेव्हा त्यांच्या मावशीचे घर जळाले. ते सगळे कुटुंब ताईंच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. ताई त्या काळातही महाविद्यालयात जाऊन तास घेत होत्या. हे मला त्यांनी कधी सांगितले नाही, पुढे त्यांच्या मावशींकडूनच कळले.

तर ताईंनी मिलिंद आणि राजाभाऊला बोलावून घेतले. समेटाचे भाषण नाही, काही नाही. “मला हे उत्तर पाहिजे. तुमच्याशिवाय मिळणार नाही,” एवढेच म्हणाल्या. दोघे एकाच कीबोर्डसमोर आळीपाळीने खेळू लागले. आधी फक्त “तुझी चाल” एवढेच शब्द. मग “हे कशाला केलंस?” सुरू झाले. मग भांडण, पण खेळावरून.

काही आठवड्यांनी एका सकाळी राजाभाऊचे वडील वर्गात येऊन उभे राहिले. मी तिथेच होतो. डोक्याला पटका, पायांत जाड वहाणा. मिलिंद खुर्चीतून उठला.

“पोराला न्यायला आलोय,” ते म्हणाले. “बाई, रागावू नका. पन इथं कोन कोन येतंय ते माला कळलंय.”

“मीही येते की,” ताई म्हणाल्या. “बसा. चहा घेता?”

ते बसले. चहाचे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एक इचारू? नाव बदलून तुमाला काय मिळनार हाय?”

ताईंचा आवाज वर चढला नाही. “मी तिथूनच एम.एस्सी. झाले. माझ्या घरातली शिकलेली पहिली बाई मी. ज्यांच्यामुळं शिकले त्यांचं नाव त्या दारावर असावं, असं मला वाटतं.”

“माला नाय वाटत.”

“असू द्या. तुमचं मत बदलायला मी हा वर्ग काढलेला नाही. तुमच्या मुलाचं डोकं गणितात चांगलं आहे. ते घरी बसवू नका, एवढंच मागते.”

ते पडद्याकडे वळून पाहू लागले. तिथे राजाभाऊच्या टोळ्या मिलिंदच्या कोठाराबाहेर अडकून पडल्या होत्या.

“हा जितला का हारला?” त्यांनी विचारले.

“हरतोय, काका,” मिलिंद म्हणाला. “पन लई त्रास देऊन हरतोय.”

म्हातारबा उठले. दारात थांबून ताईंना म्हणाले, “दिवस मावळायच्या आत सोडत जा त्याला. रस्ते बरे नाहीत.” आणि गेले. दुसऱ्या दिवशी राजाभाऊ वेळेवर हजर होता.

प्रश्नाचे उत्तरही मिळाले. माणूस समोर असला की टोळ्या पुन्हा दुबळ्या पडत. मशीन आपले धान्य उघड्यावर ठेवी. माणूस एकदा लुटला गेला की शहाणा होई आणि धान्य किल्ल्यात हलवी. लूट बंद झाली की टोळ्यांची उपासमार. एकच बाजू, पण पातळी आणि प्रतिस्पर्धी बदलला की तिचे बळ बदलत होते.

नामविस्ताराचा निर्णय झाला त्या सुमारास शहर बंद होते आणि वर्गालाही कुलूप होते. वर्ग उघडला त्या सकाळी मिलिंद पेढे घेऊन आला. सगळ्यांना वाटत वाटत राजाभाऊपाशी थांबला.

राजाभाऊने पेढा उचलला. “खातो. पन आमच्या बापूला सांगू नको.”

“सांगनारच हाय!” मिलिंद म्हणाला आणि दोघेही हसत सुटले.

ताई म्हणाल्या, “आधी हात धुवा. कीबोर्ड चिकट झाला तर दोघांकडून पुसून घेईन.” आणि फळ्याकडे वळल्या. वळल्या त्या बराच वेळ फळाच पुसत राहिल्या.

आज राजाभाऊचे वाळूजमध्ये स्वतःचे छोटे युनिट आहे, मिलिंद महाविद्यालयात गणित शिकवतो. बापूंचे मत शेवटपर्यंत बदलले नाही, पण नातीला त्यांनी ताईंकडेच शिकायला पाठवले.

ताईंच्या मायेचा अनुभव माझ्याही घराने घेतला आहे. माझ्या आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन शहरात करायचे ठरले, तेव्हा ताईंनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. आई आयुष्यभर मेंढरांमागे रानोमाळ हिंडलेली. येताना तिने भाकरीचे गाठोडे बरोबर आणले होते. ते कशासाठी, हे ताईंना समजले होते. त्यांनी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि जेवणाचा आग्रह केला नाही. डोळ्याला पट्टी बांधलेली आई कोपऱ्यात बसून शिळी भाकरी खाई. दुसऱ्या दिवशी ताई वरणाला फोडणी देत होत्या. आईने आवाज दिला, “बाई, तुमच्या घरचं खाल्लं म्हनून आमच्या गावात लई बोलतील.”

“बोलतील, आई.”

“बोलू द्या मग. वाढा.”

ताईंनी वाढले. आई महिनाभर तिथे राहिली आणि जाताना तिने स्वतः विणलेली घोंगडी ताईंच्या पलंगावर ठेवली.

पुढे मी लेथ सोडून प्रोग्रॅमिंगकडे वळलो आणि पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागलो. ताई निवृत्त झाल्यावर मी त्यांना सल्लागार म्हणून बोलावले. तिथली तरुण मंडळी एका बाजूचे बळ कमी करायला निघाली होती, कारण ती फार भारी आहे अशा तक्रारी रोज येत होत्या. ताईंनी विचारले, “तक्रार करणारे कुठल्या पातळीवर खेळतात?” पाहिले तर बहुतेक सगळे सोप्या पातळीवरचे. अवघड पातळीवर तीच बाजू धापा टाकत होती. तिला हात न लावता सोप्या पातळीवरच्या मशीनला बचाव शिकवला आणि तक्रारी ओसरल्या. याच कामात ताई एकदा चुकल्याही. याही खेळातली व्यापाऱ्यांची बाजू निरुपद्रवी आहे, असे त्या ठामपणे सांगत. चार माणसे एकत्र खेळायला बसली, तेव्हा व्यापाऱ्याने इतरांशी तह करून सगळ्यांना गुंडाळले. ताई भर बैठकीत उभ्या राहिल्या, “माझं चुकलं. मी दोघांचाच विचार केला होता,” म्हणाल्या आणि नव्याने कामाला लागल्या.

त्यांच्या पहिल्या सत्कारात एका वक्त्याने म्हटले, “ताईंनी आयुष्याचा खेळ अवघड पातळीवर खेळून जिंकला.” टाळ्या पडल्या. ताईंनी उत्तराच्या भाषणात नम्रपणे एवढेच सांगितले, “खेळात पातळी आपण निवडतो. आम्हांला कुणी विचारलं नव्हतं.” त्यानंतर असली उपमा त्यांच्यासमोर कुणी वापरली नाही, मीही इथे वापरणार नाही.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण सकाळी चहानंतर त्या घरबसल्या देशोदेशीच्या अनोळखी मुलांशी खेळतात. परवा मी गेलो तेव्हा एका डावात हरल्या होत्या आणि विलक्षण खूश होत्या. “फार चांगला पोरगा आहे,” म्हणाल्या, “उद्या पुन्हा यायचं कबूल केलंय त्यानं.”

ताईंचे गुडघे, डोळे आणि भूक शाबूत राहोत. त्यांना पुष्कळ, निरोगी वर्षे लाभोत आणि त्या प्रत्येक वर्षी समोर बसायला त्यांच्या तोडीचा कुणीतरी मिळत राहो, ही आम्हा सर्व शिष्यांची मनापासून इच्छा.